लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर नॅपकिनची फुलं, तीही जळगावच्या उन्हात

आमच्या घरात काचेची बरणी टाकून द्यायची म्हणजे जवळजवळ पाप. जॅमची, कॉफीची, मधाची, विकतच्या लोणच्याची, सगळ्या धुऊन माळ्यावर जातात आणि तिथेच राहतात. मागच्या उन्हाळ्यात मी त्यातल्या दहा-बारा खाली काढल्या आणि टिश्यू नॅपकिन, फेविकॉल घेऊन बसले, तर सासूबाई दारातूनच, "हाई काय करी राहिनी वं, बरनीले लुगडं?" आता खरं सांगायचं तर तेच होतं, लुगडंच नेसवायचं होतं, फक्त पहिल्या तीन बरण्यांना ते नीट बसलं नाही. त्या तिघींनी जे शिकवलं तेच इथे लिहितेय.

बरणी कोणती घ्यायची ते आधी. सरळ अंगाची किंवा चौकोनी कॉफीची बरणी सगळ्यात सोपी. पोट सुटलेली बरणी दिसते छान पण तिच्यावर अख्खा नॅपकिन बसत नाही, चुण्या पडणारच, तिला तुकडे तुकडे करूनच लावायचं. काचेवर कंपनीचं नाव उठावात असेल तर तेही वरून दिसतं, म्हणून गुळगुळीत बघा.

लेबल काढायला बरणी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून अर्धा तास बुडवून ठेवा, एकदम उकळतं पाणी नको, काच तडकते. कागद निघतो पण खालचा चिकट थर राहतो, त्याच्यावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून चोळा, पंधरा मिनिटं राहू द्या आणि घासणीने घासा. पण मग ते तेलही पूर्ण गेलं पाहिजे, नाहीतर रंग धरत नाही. शेवटी स्पिरिटच्या कापसाने पुसायचं आणि त्यानंतर बोटं लावायची नाहीत, बरणीत आतून हात घालून धरायची. लोणच्याचा वास झाकणातल्या रबरात बसलेला असतो, दोन दिवस गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवली की बराच उतरतो. नाहीच उतरला तर त्या बरणीत पेनं ठेवा, साखर नको.

आता नॅपकिन. हॉटेलातला पांढरा पातळ नको, छापील डिझाइनचा घ्यायचा, ३३ बाय ३३ सेंटीमीटरचा, बहुतेक तीन पदरी असतो. पार्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात, ऑनलाइन सुटेही मिळतात. गडद लाल रंगाचे काही ओले झाले की रंग सोडतात, म्हणून आधी एक कोपरा पाण्याने भिजवून बघा.

आणि इथेच माझी पहिली बरणी गेली. छापील पापुद्रा फक्त वरचा एकच असतो, खालचे दोन पांढरे काढून टाकायचे असतात. मी दोन राहू दिले, फेविकॉल वरपर्यंत पोचलाच नाही आणि वाळल्यावर फुलं सालीसारखी निघून आली. पापुद्रा सुटत नसेल तर कोपरा बोटांत चोळा, नाहीतर मागून सेलोटेप चिकटवून हळूच ओढा. घडीच्या रेषा असतील तर इस्त्री अगदी मंद करून, वाफ न सोडता एकदा फिरवा. कडेला टोचलेली नक्षी असते ती कापून टाका.

हा एकटा पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो, म्हणून खाली पांढरा रंग लागतोच. गडद रंगावर लावाल तर डिझाइन गायब. पांढरा ॲक्रेलिक भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने थापत थापत लावा, ब्रशने ओढलं की काचेवर रेघा उठतात आणि रंग सरकतो. दोन हात, मधे पूर्ण वाळू द्यायचं. वरच्या कडेचा एक-दीड सेंटीमीटर कोरा सोडा, झाकण फिरवताना तिथलाच रंग आधी खरवडतो.

कात्री शक्यतो वापरू नका. बारीक ब्रश पाण्यात बुडवून फुलाभोवती ओली रेघ मारायची आणि हलकेच ओढायचं, नॅपकिन त्या रेषेवर फाटतो. फाटलेली कड केसाळ असते, ती पांढऱ्या रंगात मिसळून जाते. कात्रीची कड मात्र कायम दिसते, स्टिकर लावल्यासारखी.

चिकटवायला दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. बरणीवर पातळ थर, त्यावर फूल ठेवायचं, आणि मग वरून मऊ ब्रशने मधून बाहेर, थेंब टेकवल्यासारखं दाबत जायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही, ओला नॅपकिन साईपेक्षाही नाजूक असतो. चुणी पडली तर बोटाने दाबायला जाऊ नका, बोटालाच चिकटून येईल, वर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवून त्यावरून अंगठा फिरवा. बारीकसारीक चुण्या राहतातच आणि खरं तर त्याच चांगल्या दिसतात, हाताने रंगवल्यासारख्या.

आता आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात पारा ४३-४४ ला असतो तेव्हा दुपारी पंख्याखाली बसलात तर फेविकॉल ब्रशवरच आवळतो, फूल ठेवायच्या आधी बरणी वाळलेली असते आणि मग नॅपकिन अर्धा धरतो, अर्धा फाटतो. माझी दुसरी बरणी अशीच गेली. सकाळी सातला बसा, पंखा बंद, एका वेळी एकाच बाजूला गोंद लावा. वाळवायला मात्र हेच ऊन कामाला येतं, सावलीत ठेवलं तरी तासाभरात पुढचं काम घेता येतं.

तिसरी गेली पावसाळ्यात. वरून फक्त फेविकॉलचाच थर दिलेला, म्हटलं झालं. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या आधी फळी आवरायला घेतली तर दोन बरण्या एकमेकींना चिकटलेल्या, ओढल्या आणि एकीचं कमळ दुसरीवर. फेविकॉल वाळला तरी दमट हवेत चिकट होतो आणि पाणी लागलं की पांढरा पडतो. म्हणून वरून पाण्यात मिसळणारं ॲक्रेलिक वार्निश हवंच, दोन-तीन पातळ हात. फर्निचरचं तेलाचं वार्निश नको, ते पिवळं पडत जातं. आणि नंतर आठवडाभर बरण्या एकमेकींपासून लांब ठेवा.

दिव्यासाठी करायची असेल तर पांढरा रंग मारूच नका, नॅपकिन सरळ काचेवर लावा. दुधाळ काचेसारखं होतं आणि आत लायटिंगची छोटी माळ सोडली की फुलांतून उजेड येतो. मेणबत्ती नको, कागद आहे तो. गळ्याला सुतळीचे चार वेढे दिले की कोरी ठेवलेली कड झाकली जाते, पण ते आवडत असेल तरच, मला दर वेळी सुतळी बघून कंटाळा आलाय.

आत कोरडं काहीही ठेवा, डाळ, धने, बटणं. आतून ओल्या फडक्याने पुसायचं, नळाखाली धरायचं नाही, भिजत तर अजिबात घालायची नाही. सासूबाईंनी एक घातली होती, नेहमीसारखी भांड्यांबरोबर. आता तिच्यावर अर्धा मोर आहे आणि आत शेंगदाणे.