दिव्यांग मुलासाठी उपचारात्मक अश्वारोहण : पालकांनी सुरुवात कशी करावी

उपचारासाठी केलेल्या अश्वारोहणात घोडा बहुतेक वेळ केवळ चालतो. प्रथमच पाहायला आलेल्या पालकांचा त्यामुळे थोडा विरस होतो, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे माथेरानचा किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचा भाड्याचा घोडा असतो. खरा उपयोग असतो तो या संथ चालीचाच. चालताना घोड्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी एकाच वेळी हलते, शिवाय किंचित वळतेही. माणूस चालतो तेव्हा त्याच्या कटिभागाची हालचाल जवळपास अशीच होते. जे मूल स्वतःच्या पायांवर कधी चाललेले नाही, त्याच्या कंबरेला चालण्याची ही लय मिनिटाला सुमारे शंभर वेळा मिळते आणि तोल सावरण्यासाठी पोटा-पाठीचे स्नायू न सांगता कामाला लागतात. घोड्याच्या अंगाची ऊब (त्याचे तापमान साधारण ३८ अंश सेल्सिअस असते) आणि ही लय यांमुळे आखडलेल्या मांड्याही हळूहळू सैलावतात.

या क्षेत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालतात, आणि आपल्याला कोणती हवी आहे हे आधी ठरवावे. हिप्पोथेरपीमध्ये फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याची चाल हे उपचाराचे साधन म्हणून वापरतो. मुलाने घोडा हाकणे तेथे अपेक्षित नसते. उपचारात्मक अश्वारोहणात मात्र मूल प्रशिक्षकाकडून घोडेस्वारीच शिकते, फक्त ती त्याच्या क्षमतेप्रमाणे बेतलेली असते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या आणि अजून नीट बसू न शकणाऱ्या मुलासाठी पहिला मार्ग योग्य. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या, पण अंगाने धडधाकट मुलासाठी बहुधा दुसरा. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या अश्वारोहणानंतर चिडचिड आणि अतिचंचलता कमी झालेली आढळली, तर सेरेब्रल पाल्सीत बसण्याचा तोल सुधारल्याच्या नोंदी आहेत. घोड्यावर बसून मूल ‘बरे होते’ असे जो सांगेल, त्याच्याकडे जाऊच नये.

पहिली पायरी डॉक्टरांची आहे, तबेल्याची नव्हे. मुलाच्या बालरोगतज्ज्ञाची किंवा अस्थिरोगतज्ज्ञाची लेखी संमती घ्यावी आणि ती घेताना नुसते ‘घोड्यावर बसवू का’ असे न विचारता नेमके प्रश्न विचारावेत. डाउन सिंड्रोम असल्यास मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा सैल तर नाही ना, हे तपासणीने आणि गरजेप्रमाणे एक्स-रे काढून पाहून घ्यावे. तो सैल असेल तर अश्वारोहण वर्ज्य आहे. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा निखळू लागला आहे का, पाठीचा कणा किती वाकला आहे, हे पाहावे लागते. फिट नियंत्रणात नसणे, हाडे ठिसूळ असणे, रक्त न गोठण्याचा विकार, अंगावर उघडी जखम किंवा दाबव्रण असणे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, यांतील काहीही असेल तर थांबावे. घोड्याच्या केसांची किंवा गवताच्या धुळीची ॲलर्जी आणि दमा यांचीही आगाऊ कल्पना द्यावी. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण तबेल्याची माती आणि लीद हे त्या जंतूंचे घरच असते.

केंद्र निवडताना घोड्याच्या रूपावर जाऊ नये. उपचाराचा घोडा वयाने प्रौढ, सम चालीचा आणि सोशिक असावा लागतो. चाकांची खुर्ची, कुबड्या, अचानक फुटलेली किंकाळी, अंगावर पडलेला चेंडू यांनी तो बिथरत नाही, याची मुद्दाम तयारी करून घेतलेली असते. ही तयारी कशी केली, असे मोतद्दाराला खुशाल विचारावे. ज्याने ती केली आहे तो आनंदाने तासभर सांगत बसतो. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक नसावे, म्हणजे चारशे किलोच्या घोड्यावर जास्तीत जास्त ऐंशी किलो. ग्लँडर्स हा घोड्यांपासून माणसाला होणारा घातक रोग आपल्याकडे अधूनमधून डोके वर काढतो. म्हणून घोड्यांच्या रक्ततपासणीचा दाखला मागण्यात संकोच करू नये. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडणारा, चावायला वळणारा किंवा सतत शेपूट फटकारणारा घोडा दमलेला तरी असतो किंवा दुखावलेला तरी, आणि केंद्र त्याच्याकडून किती काम घेते हेही त्यावरून कळते.

मुलाला लांब, मऊ कापडाची, मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली पँट घालावी. बूट बंद आणि थोड्या टाचेचे असावेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. घोडेस्वारीचे हेल्मेट सक्तीचे आहे. सायकलचे चालत नाही. पायाला स्प्लिंट असेल तर तो ठेवायचा की काढायचा, हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे. पहिल्या भेटीत घोड्यावर बसवण्याची घाई नको. घोडा दाखवावा, त्याच्या खांद्यावर तळहात ठेवू द्यावा, हेल्मेट घालून पाहावे, आणि मूल रडले तर तेवढ्यावर परत यावे.

घोड्यावर चढवणे हा सगळ्या कार्यक्रमातला सर्वांत नाजूक भाग आहे. चांगल्या केंद्रात त्यासाठी उताराचा चौथरा असतो. चाकांची खुर्ची त्यावरून थेट घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत नेता येते. घोडा धरणारा माणूस समोर, जरासा बाजूला उभा राहतो, आणि चौथऱ्याच्या विरुद्ध अंगाला दुसरा सहायक मुलाला झेलायला तयार असतो. मुलाला आधी आडवे, म्हणजे दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून बसवतात. मग पाठीला आधार देऊन एक पाय आयाळीवरून हलकेच पलीकडे नेतात. मांड्या आखडलेल्या मुलाच्या बाबतीत हा पाय ओढून फाकवण्याचा मोह आवरावा. घोडा निरुंद पाठीचा निवडावा, आधी दहा मिनिटे स्नायू ताणण्याचे व्यायाम करून घ्यावेत आणि खोगिराऐवजी पकडायला मूठ असलेली जाड गादी वापरावी. मूल बसले की चौथऱ्यापासून घोडा सरळ पुढे काढतात, दोनतीन फेऱ्या झाल्या की थांबवून तंग पुन्हा तपासतात. हे तपासणे जेथे होत नाही तेथे दुसऱ्या दिवशी जाऊ नये.

मुलाला पट्ट्याने घोड्याला किंवा खोगिराला बांधा, अशी विनंती अनेक आईवडील काकुळतीने करतात. ती कधीही मान्य होता कामा नये. घोडा अडखळला किंवा बसला, तर बांधलेले मूल त्याच्याखाली सापडते. न बांधलेले मूल क्षणात उचलून बाजूला घेता येते. मुलाच्या कमरेला मुठी असलेला पट्टा घालून तो सहायकांनी धरणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती योग्य आहे.

हे सहायक म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारी माणसे. केंद्रात माणसे कमी असली की पालकांनाच हे काम सांगतात, म्हणून ते नीट शिकून घ्यावे. मुलाच्या मांडीवरून आपला हात आडवा टाकून गादीची पुढची कड धरायची. भार मांडीवर रेलायचा नाही आणि कोपर घोड्याच्या कुशीत रुतवायचे नाही. दोघांनी एकाच वेळी हात सोडायचा नाही. बाजू बदलायची तर घोडा थांबवून, एकाने आधी. सूचना फक्त प्रशिक्षकाने द्यायच्या, कारण तीन दिशांनी तीन आवाज आले की मूल गोंधळते. मुलाने स्वतः तोल सावरण्याआधीच त्याला सरळ करण्याची सवय आईवडिलांना विशेष असते. तेवढी आवरली, तर अर्धे काम झाले. घोडा धरून पुढे चालणाऱ्याने दोरी हाताला गुंडाळायची नाही. तिच्या घड्या करून मुठीत धरायच्या.

अर्ध्या तासाच्या सत्रात प्रत्यक्ष घोड्यावर वीसेक मिनिटे पुरतात. सरळ चाल, मोठी वळणे, नागमोडी चाल आणि मध्येच थांबून पुन्हा निघणे यांतून धडाला वेगवेगळे काम मिळते. खांबावरचे कडे डाव्या हाताने घेऊन उजवीकडच्या टोपलीत टाकणे यासारखे खेळ त्यात मिसळतात. न बोलणाऱ्या मुलाबरोबर घोडा थांबवून सर्वांनी गप्प उभे राहायचे. ‘चल’ हा शब्द, किंवा ‘च’ एवढा नुसता आवाज, किंवा मानेवर मारलेली एक थाप, मुलाकडून काहीतरी येईपर्यंत वाट पाहायची आणि ते आले की घोडा त्याच क्षणी हलवायचा. उशीर झाला तर त्या दोन्हींचा संबंध मुलाला लागत नाही. दुडकी चाल बरीच पुढची गोष्ट आहे, आणि ती आली नाही तरी बिघडत नाही: पॅरालिंपिकमधील अश्वारोहणात सर्वाधिक दिव्यांगत्वाच्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंची स्पर्धाही संथ चालीवरच होते. मान लोंबू लागली, पाठीला पोक आला किंवा चेहरा उतरला, की वेळ शिल्लक असली तरी उतरवावे.

उतरवताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून मोकळे करावेत. पाय जमिनीला लागताच गुडघे दुमडण्याची शक्यता असते, म्हणून काखेत हात न घालता कटिभागाला धरावे. घरी आल्यावर बैठकीची जागा, मांड्यांची आतली बाजू आणि घोटे पाहावेत. स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मतः नीट न मिटणे) किंवा मज्जारज्जूच्या इजेत तेथे संवेदना नसल्याने मूल तक्रार करत नाही. अर्ध्या तासाने लाली गेली नाही, तर ती जागा बरी होईपर्यंत सत्र घेऊ नये आणि पुढच्या वेळी गादी बदलावी.

आठवड्यातून एकदा, निदान दहा-बारा आठवडे, असा क्रम धरावा आणि सुरुवातीलाच एक मोजता येणारे उद्दिष्ट लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, आधाराशिवाय स्टुलावर किती वेळ बसता येते. तेवढ्या काळात त्यात काहीच फरक पडला नाही, तर फिजिओथेरपिस्टशी बोलून पैसा आणि वेळ दुसऱ्या उपचाराकडे वळवण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात सत्र सकाळी लवकरचे मागावे. पावसाळ्यात मैदान निसरडे असेल त्या दिवशी घोड्यावर बसवू नये; छपराखाली घोड्याला खरारा करणे, गाजराचे तुकडे तळहात सपाट ठेवून भरवणे एवढे करून घ्यावे, म्हणजे हातांना व्यायाम होतो आणि मुलाची सवयही मोडत नाही.