ट्रकचा आवाज भरदार करायचा, पण सायलेन्सर न फोडता

माझी गाडी टाटा 1613, कमिन्सच्या 6बीटी इंजिनाची. सहा सिलिंडर, 5.9 लिटर, टर्बो. कराडहून पुणे-मुंबई, कधी खाली हुबळीपर्यंत. आमच्या आप्पांनी मला गिअर टाकायला शिकवायच्या आधी आवाज ऐकायला शिकवलं. गाडी काय म्हणते ते मीटरच्या आधी सायलेन्सर सांगतो, हे त्यांचं म्हणणं मला फार उशिरा पटलं.

बावीस वर्षांचा असताना मी सायलेन्सर फोडून आतली सगळी जाळी काढली होती. आवाज मोठा झाला, मित्र खूश. एका रात्री कात्रजच्या बोगद्याजवळ सगळे लाइट गेले. मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपाचा, बोल्ट तुटलेला, फटीतून गरम झोत थेट वायरिंगवर, वरचं प्लास्टिक वितळून वायरी एकमेकींना चिकटलेल्या. सायलेन्सर शाबूत असता तर ती फुसफुस मला शिरवळलाच ऐकू आली असती. तेव्हापासून मी गाडीचा आवाज सुधारायचा म्हणजे साफ करायचा एवढंच जाणतो. साफ झाला की भरदारपणा आपोआप येतो.

आधी एक सांगतो. तुमची गाडी बीएस6 असेल, म्हणजे साधारण एप्रिल 2020 नंतरची, तर एक्झॉस्टला हातच लावू नका. आत काजळी अडवणारा डीपीएफ आहे, युरियाने धूर साफ करणारी एससीआर आहे, सेन्सर आहेत. एक पाइप बदलला तरी चेक लाइट लागते आणि गाडी ओढायची थांबते. खालचं सगळं जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. त्यातही सायलेन्सर काढून टाकणं किंवा आवाज वाढवणं गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन बंद.

सुरुवात पाइपापासून करू नका. डिझेलचा निम्मा कर्कशपणा इंजिनातून येतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट थंड इंजिनावर तपासा. 6बीटीला इनटेक 0.25 आणि एक्झॉस्ट 0.51 मिलिमीटर. डिझेल फवारणारे नोझल टेस्ट करून घ्या. माझ्या गाडीला दोन नोझल गळत होते. ते बदलल्यावर गाडी उभ्या जागी खडखडायची ती शांत घुमायला लागली, आणि तोवर मी एक्झॉस्टचा एक नटही सैल केला नव्हता.

मग गळती शोधा. सकाळी इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, चाकांना ठोकळे लावून. क्लीनरला मागच्या पाइपाच्या तोंडावर ओली गोणपाटाची घडी थोडी दाबून धरायला सांगा, पूर्ण बंद नको. तुम्ही हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं प्रत्येक जोडावरून फिरवा. कुठे फट असेल तिथे टिक-टिक किंवा फुस्स स्पष्ट ऐकू येतं. शिवाय जोडावर काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसतो. तो दिसला की शोध संपला. मॅनिफोल्ड हे नेहमीचं ठिकाण. 6बीटीला धूर बाहेर पडायच्या सहा दारांना सहा वेगळी पॅकिंग आणि बारा बोल्ट. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका, रात्रभर डिझेलमध्ये भिजू द्या, नाहीतर हेडमध्येच तुटतो आणि मग ड्रिलचं काम निघतं. मॅनिफोल्ड उतरवल्यावर सरळ पट्टी लावून फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, वाक बघा. वाकलेल्या मॅनिफोल्डला नवीन पॅकिंग आठ दिवसही टिकत नाही, ते आधी घासून घ्यावं लागतं. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, 43 न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा, अंदाजाने आवळू नका.

आता सायलेन्सर. रबरी हातोडीने हळूच ठोका. आतून खळखळ आली तर बॅफल, म्हणजे आतले आडवे पडदे, सुटलेत. नवा घेताना कंपनीच्या सायलेन्सरइतका तरी मोठा घ्या, तोंडाचा व्यास तोच ठेवा. लहान डब्यातून आवाज फाटका येतो. ग्लासवूल भरलेला सायलेन्सर दुकानदार आग्रहाने देतात. तो बारीक, टोचणारा आवाज छान शोषतो, पण डिझेलची काजळी आणि टर्बोचं तेल दोन-चार महिन्यांत त्याची वूल बुजवतात. माझं मत, खोल्यांचा आणि भोकाच्या नळ्यांचाच घ्या. त्यात आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात आणि जाड, खालचा सूर राहतो. डिझेल गाडीला शोभतो तो हाच.

आणि खरी गंमत मागच्या पाइपाच्या लांबीत आहे. गाडीच्या आधीच्या मालकाने पाइप बॉडीच्या टोकापर्यंत नेला होता, सायलेन्सरपासून 2.9 मीटर. पंचावन्नच्या स्पीडला केबिन असं घुमायचं की पुण्याला पोचेपर्यंत डोकं धरायचं. हिशोब केला. त्या स्पीडला 1500 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 25 फेरे, सहा सिलिंडरचे फेऱ्याला तीन ठोके, म्हणजे सेकंदाला 75. पाइपातला धूर दोनशे अंशांचा धरला तर त्यातून आवाज सेकंदाला सुमारे 436 मीटर जातो. दोन्ही टोकं मोकळ्या पाइपाचा स्वतःचा सूर म्हणजे 436 भागिले लांबीची दुप्पट. 2.9 मीटरला तो बरोबर 75 येतो! इंजिन आणि पाइप एकाच सुरात गात होते. पाइप 1.8 मीटर केला, सूर 121 वर गेला. तो जुळायला 2,400 आरपीएम लागतात आणि तिथे मी कधी थांबतच नाही. त्या दिवशी वाटेवर मी पहिल्यांदा शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोललो.

तुमचा हिशोब तुमच्या आरपीएमवर करा. चार सिलिंडर असतील तर फेऱ्याला दोनच ठोके. कापायच्या आधी पाइप खिळखिळा बसवून, क्लॅम्प लावून एक चक्कर मारा, कापलेला परत जोडता येत नाही. तोंड टायर, डिझेलची टाकी, एअरची नळी आणि केबिन यांच्यापासून लांब ठेवा. वळण हवं असेल तर पाइपात वाळू ठासून, गरम करून वाकवणाऱ्याकडेच जा. आत चपटलेल्या वळणाला शिट्टी येते.

वेल्डिंगआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, अर्थिंगची क्लॅम्प जोडाच्या हातभर अंतरात लावा. आधी फक्त टाके मारा, सगळं जागेवर टांगून बघा, मग पूर्ण वेल्ड करा. नळाचा जस्ताचा पाइप स्वस्त पडतो म्हणून वापरू नका, वेल्ड करताना त्याचा धूर फुप्फुसात जातो. हँगरचं रबर नवं घाला आणि पाइप रबरावर हलका लोंबू द्या. ओढून-ताणून बांधलेला पाइप चेसिसला सगळी थरथर देतो.

शेवटी मोजा. पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, 45 अंशात, तोंडाच्याच उंचीवर फोन धरा, आधीही आणि नंतरही, त्याच आरपीएमला. फोनचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण फरक कळतो. आकडा वाढला असेल तर काम चुकलंय, परत उघडा.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प थंड गाडीवर पुन्हा आवळा, कारण नवं पॅकिंग दबतं. मग भरल्या गाडीने खंबाटकी चढा, तिसऱ्या गिअरमध्ये, काच खाली करून. टर्बोची बारीक शीळ वरून आणि मागून जाड, सलग घरघर, मध्ये कुठेही टिकटिक नाही.