पुढच्या चाकातली टक-टक, शेवटी घरीच काढली

रंकाळ्याकडंनं गाडी हळू चालवली की पुढं डावीकडं टक-टक-टक, मोठ्या खड्ड्यात काय नाय, बारीक खडबडीतच जास्त. एका गॅरेजवाल्यानं न बघताच शॉकअप बदला म्हणून सांगितलं. मला पटंना, शॉकअपला तेलाचा ओघळ नव्हता. मग रविवारी गाडी सपाटीला लावून, चाकं जमिनीवरच ठेवून, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आत हात घालून लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला चाकाकडच्या सस्पेन्शनशी जोडणारी बारकी दांडी) हलवला तर त्याचा वरचा बॉल जॉइंट, म्हणजे गोल सांधा, खुळखुळ्यागत वाजला, रबरी बूट फाटून ग्रीस गायब! उद्यमनगरातनं लिंक रॉडची नवी जोडी आणली. नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून स्टँड लावले. नट गंजलेला, नटाबरोबर आतला आट्याचा दांडा, स्टडच, गरागरा फिरायला लागला, तो अ‍ॅलन कीनं धरून पान्यानं सोडवला, त्यातच अर्धा दिवस गेला. आता फक्त डॅशबोर्डची किरकिर ऐकू येते, ती आधी दबली होती बहुतेक.