बचावाची साखळी कशी ठरवायची?

सांगलीतल्या एका कॉलेजच्या पोरांना मी संध्याकाळी कबड्डी शिकवतो. सात जण मैदानात असताना बचावाची साखळी, म्हणजे एकमेकांचे हात धरून उभे राहणारे बचावपटू, मी दोन-तीन-दोनच लावतो: दोन्ही कोपऱ्यांत जोडी, मध्ये तिघं. पण मांडणी पाठ करून काही होत नाही. आधी समोरचा चढाईपटू बघायचा. पहिल्या दोन चढायांत तो कुठल्या कोपऱ्याकडं झुकतो आणि मागचा पाय कधी उचलतो, एवढंच टिपा.

समोर सहा किंवा सात बचावपटू असले की बोनस चालू असतो, म्हणजे मागच्या बोनस रेषेपलीकडं पाय टाकला की चढाईपटूला जादा गुण. त्या वेळी कोपरारक्षक फार मागं सरकला, तर चढाईपटू फुकटात गुण घेऊन जातो. बोनसला पाय टाकताना त्याचा सगळा भार एकाच पायावर येतो, घोटा धरायचा तो तेव्हाच. मध्यरक्षकानं मात्र थांबायचं. कोपऱ्याची पकड बसल्याचं दिसलं की मग छातीनं धडक द्यायची. आमचा एक पोरगा दर वेळी अर्धा श्वास आधी उडी घ्यायचा, साखळीतला हात सुटायचा आणि तिघं एकदम बाद. महिनाभर त्याला नुसतं मनगट धरून उभं राहायला लावलं.

पाच उरले की बोनस बंद, मग दोन-एक-दोन. तीन किंवा कमी उरले तर घाबरू नका, पकडीला दोन गुण मिळतात. दोघं कोपऱ्यात, एक मध्ये, आणि चढाईपटूला आत येऊ द्या. चढाईच्या तीस सेकंदांतले शेवटचे दहा तुमचे असतात.