गंगोत्रीचा ग्रॅनाइट ओळखताना या चुका टाळा

सह्याद्रीत फिरलेल्या डोळ्यांना बेसॉल्टची सवय असते. त्यातले कण नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, म्हणून आपण खडक रंगावरून ओळखायला शिकतो. तीच सवय घेऊन गोमुख-तपोवनाच्या वाटेला लागलं की फसगत ठरलेली. शिवलिंग आणि भागीरथी शिखरांचा फिकट ग्रॅनाइट कणाकणाने बघावा लागतो.

सगळ्यात मोठा घोटाळा काळ्या ठिपक्यांचा. काळं दिसलं की ‘बायोटाइट’ म्हणजे काळं अभ्रक, असं लिहून मोकळं होऊ नका. इथे बऱ्याच ठिकाणी तो टूर्मलीन, म्हणजे कांड्यांच्या आकाराचं कठीण काळं खनिज असतो. सुईचं टोक लावून बघा: बायोटाइटचे पापुद्रे सुटतात, टूर्मलीनवर ओरखडाही उठत नाही. दहापट भिंगाखाली टूर्मलीनच्या कांड्यांवर उभ्या बारीक रेघा दिसतात आणि कांडी आडवी तुटली असेल तर फुगीर बाजूंचा त्रिकोण. हा त्रिकोण सापडला की शंका उरत नाही. एवढा खटाटोप करावा, कारण टूर्मलीन आणि पांढरं अभ्रक ही जोडी खडकाचा जन्म सांगते. भारत आणि आशियाच्या टकरीत पृथ्वीचं कवच जाड झालं, खोलवर गेलेले मुळातले गाळाचे खडक वितळले आणि सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी त्यातून हा ग्रॅनाइट तयार झाला. लेहजवळचा ग्रॅनाइट वेगळ्या घराण्यातला. तो बहुतांशी टकरीआधी, समुद्रतळ आशियाखाली सरकत असताना घडला. त्यातलं काळं खनिज हॉर्नब्लेंड किंवा बायोटाइट. दोन्हीकडचे ठिपके एकाच नावाने नोंदवले तर हा फरकच पुसला जातो.

क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही ग्रॅनाइटमधली मुख्य फिकट खनिजं वेगळी करायला चाकू वापरू नका. १ ते १० च्या मोह्स मापनावर क्वार्ट्झची कठिणता ७, फेल्डस्पारची ६, साध्या चाकूची साडेपाचच्या आसपास. त्यामुळे दगडावर चाकूचंच लोखंड घासून करडी रेघ उमटते आणि तीच ओरखडा वाटते. त्यापेक्षा हातात मावणारा तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. फेल्डस्पारचा सपाट पृष्ठभाग एका कोनात लख्ख चमकतो नि पुढच्याच क्षणी मंद होतो. क्वार्ट्झ करडा, काचेसारखा, वेडावाकडा फुटलेला असतो.

कण बारीक म्हणजे लाव्हा, हा निष्कर्षही घाईचा. गंगोत्रीचा ग्रॅनाइट बारीक ते मध्यम कणांचाच आहे. पण प्रत्येक कण सुटा ओळखता येतो आणि शेजारच्यात घट्ट गुंतलेला असतो. तो जमिनीखालीच गोठला. खनिजांचे पट्टे दिसले तर दगडाच्या दुसऱ्या बाजूही बघा, तो नाइस, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक असू शकतो.

वाटेवरचा धोंडा म्हणजे तिथलाच कातळ, असंही धरू नका. हिमनदी वरचं सगळं खाली आणते. भागीरथी-३ च्या माथ्यावरचा काळा थर ग्रॅनाइट नाही. ग्रॅनाइट ज्या जुन्या गाळाच्या खडकांत घुसला, त्यांचा तो भाग आहे. म्हणून नोंदीत ‘सुटा धोंडा’ की ‘मूळ कातळ’ हे आधी लिहा. हातोडा नेऊ नका, हे राष्ट्रीय उद्यान आहे. धोंड्यांच्या तुटक्या कडांवर ताजा पृष्ठभाग मिळतो. तांबूस डाग पडलेल्या जुन्या बाजूवरून खनिजं ठरवायची गरज पडत नाही.