हेलिकॉप्टर डोक्यावर आलं की काय करायचं

लष्करी हेलिकॉप्टरच्या दारात बसून विंच, म्हणजे दोर खाली सोडून माणसाला वर ओढणारं यंत्र, चालवणं हे माझं काम. तिथून बघताना माणूस फार लहान दिसतो; समुद्रात असेल तर नुसतं डोकं. त्यामुळे तुम्हाला आम्ही दिसलो म्हणजे आम्हालाही तुम्ही दिसलात, असं धरून चालू नका.

४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र) असेल तर अँटेना आकाशाकडे मोकळी ठेवून सुरू करा आणि सुटका होईपर्यंत बंद करू नका. आरसा असेल तर एक हात लांब करून दोन बोटांच्या फटीत हेलिकॉप्टर धरा आणि कवडसा त्याच बोटांवर नाचवा, म्हणजे तो थेट आमच्यापर्यंत येतो. जमिनीवर इंग्रजी ‘व्ही’ अक्षर म्हणजे मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. अक्षर किमान अडीच मीटर उंच असावं. दोन्ही हात वर करून फाकवा. एकच हात हलवलात तर वरून ते नुसतं अभिवादन वाटू शकतं. रात्री टॉर्च जरूर दाखवा, पण हेलिकॉप्टर तुमच्याकडे वळलं की उजेड जमिनीकडे करा. वैमानिकाच्या डोळ्यांवर रात्रदर्शी चष्मा असतो, थेट प्रकाशानं त्याला दिसेनासं होतं.

घिरटी घालून आम्ही लांब गेलो तर धीर सोडू नका. वारा कुठून येतोय, इंजिनाची ताकद पुरेल का, हे आधी तपासावं लागतं. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे तर फारच. तेवढ्यात टोपी, चादर, ताडपत्री, तंबू असं सगळं आवरून दाबून ठेवा. पंख्याच्या झोतानं उडालेलं कापड पंख्यातच ओढलं जाऊ शकतं, आणि मग आपण सगळेच संकटात. खाली बसा, डोळे झाका.

आता दोर खाली येईल. वैमानिकाला पोटाखालचं काही दिसत नाही; मी दारातून सांगत असतो, ‘पुढे पाच... पुढे तीन... थांब’, आणि हातमोजा घातलेल्या हातानं दोर सांभाळत असतो. हुक आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या, कारण त्यात स्थिर वीज साठलेली असते, जोराचा झटका बसतो. आणि हुक झाडाला, खडकाला, बोटीला कशालाही अडकवू नका. हे मी कळकळीनं सांगतोय: बांधलेलं हेलिकॉप्टर पडू शकतं, दोर तोडण्याशिवाय आमच्यापुढे मार्ग उरत नाही.

विंचमन, म्हणजे दोरावरून येणारा आमचा माणूस, खाली उतरला तर सगळं त्याच्यावर सोपवा. नुसता पट्टा आला तर डोकं आणि दोन्ही हात त्यातून घाला, पट्टा काखेखाली घट्ट करा आणि हात अंगालगत खाली ठेवा. हात वर केलेत की निसटलात. थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला शक्यतो आडवं उचलतात; उभं उचललं तर रक्तदाब एकदम कोसळतो.

२९ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ सिकॉर्स्की आर-५ हेलिकॉप्टरनं बार्जवरच्या (सपाट मालवाहू बोटीवरच्या) दोघांना असंच उचललं होतं. दुसऱ्याच्या वेळी विंच अडकलं आणि तो बाहेर लोंबकळतच किनाऱ्याला सुखरूप पोहोचला. मध्येच थांबलात तर धडपडू नका. दारापाशीही काही पकडू नका, पाठमोरं करून आत घेणं आमच्याकडे लागलं.

हेलिकॉप्टर उतरलंच तर खुणेशिवाय जवळ येऊ नका. या तेही समोरून, उतार असेल तर खालच्या बाजूनं. शेपटीकडे कधीच नाही, तिथला फिरता पंखा दिसत नाही.

आत आलात की खाली अजून किती जण आहेत ते लगेच बोटांनी दाखवा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.