जेनेटिक अल्गोरिदम शिकताना: लायब्ररीला हात लावण्याआधी

पदवीच्या शेवटच्या वर्षी किंवा एम.टेक.ला जेनेटिक अल्गोरिदम (अनेक उत्तरांच्या समूहातून चांगली निवडून, त्यांची सरमिसळ व बदल करत पिढ्यानपिढ्या उत्तर सुधारण्याचे तंत्र) हा विषय घेणाऱ्याने आरंभी कोणतीही तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. लायब्ररीतून उत्तर झटपट मिळते. परंतु ते निवडीमुळे आले, क्रॉसओव्हरमुळे (दोन पालकांचे भाग जोडून नवे उत्तर बनवणे) की म्युटेशनमुळे (उत्तरात अधूनमधून यादृच्छिक बदल करणे), हे तोंडी परीक्षेत विचारले गेले की विद्यार्थी निरुत्तर होतो.

सुरुवात वनमॅक्सपासून, म्हणजे साखळीतले सगळे बिट १ करण्याच्या सोप्या सराव-प्रश्नापासून करावी. १०० बिटांची साखळी घ्यावी आणि तिच्यातील एकांची संख्या हाच फिटनेस, म्हणजे उत्तर किती चांगले याचा गुण, मानावा. पिढीत १०० साखळ्या, दोघींत स्पर्धा लावून पालकांची निवड, ०.९ शक्यतेने एकबिंदू क्रॉसओव्हर (दोन्ही साखळ्या एकाच जागी तोडून पुढचे भाग अदलाबदल करणे) आणि प्रत्येक बिटाला १/१०० शक्यतेने म्युटेशन, एवढे पुरेसे आहे. यादृच्छिक बिटांनी भरलेल्या पहिल्या पिढीची सरासरी ५० च्या आसपास नसेल, तर चूक तिथेच शोधावी. मग म्युटेशन बंद करून पाहावे. एखाद्या स्थानावरचा १ सगळ्या पिढीतून नाहीसा झाला की क्रॉसओव्हर तो परत आणू शकत नाही, त्यामुळे फिटनेसचा आलेख बहुधा १०० च्या अलीकडेच सपाट होतो.

याच प्रश्नावर एक साधा प्रयोग अवश्य करावा: एकच साखळी घेऊन दर वेळी कोणताही एक बिट उलटवावा आणि फिटनेस वाढला तरच बदल ठेवावा. ही पद्धत सरासरी ४५० मूल्यमापनांत (म्हणजे इतक्या वेळा फिटनेस मोजून) उत्तर गाठते, म्हणजे वरच्या अल्गोरिदमच्या पाच पिढ्यांपेक्षाही कमी खर्चात. हा निकाल पाहून निराश होऊ नये. कोणत्या प्रश्नाला हे तंत्र लावायचे, हे तो शिकवतो. आता पाच-पाच बिटांचे गट करून असा फिटनेस द्यावा की पाचही १ असल्यास ५ गुण, अन्यथा ४ वजा एकांची संख्या. इथे एकेक बिट उलटवणारी पद्धत बहुतेक गटांत शून्यांकडे ओढली जाऊन अडकते. जेनेटिक अल्गोरिदमलाही मोठी पिढी लागते आणि गटातले बिट शेजारी ठेवले की विखुरले, यावर एकबिंदू क्रॉसओव्हरचे यश ठरते. प्रश्नाची मांडणी किती निर्णायक असते, हे इथे डोळ्यांनी दिसते.

जेनेटिक प्रोग्रॅमिंगकडे त्यानंतर वळावे. त्यात साखळीऐवजी वृक्षाच्या रूपातील प्रोग्रॅम उत्क्रांत होतात. −१ ते १ मधील २० बिंदूंवरून x⁴+x³+x²+x हे सूत्र शोधून काढणे, हा जेनेटिक प्रोग्रॅमिंगचे संशोधक जॉन कोझा यांचा प्रश्न पहिल्या सरावाला उत्तम. भागाकारात शून्य आल्यास काय करायचे ते आधी ठरवावे आणि वृक्षाच्या खोलीवर मर्यादा घालावी, कारण फिटनेस न वाढताही वृक्ष फुगत जातात.

वाचनासाठी डेव्हिड गोल्डबर्ग यांचे जेनेटिक अल्गोरिदमवरील १९८९ चे पुस्तक या तंत्राचे जनक जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या मूळ ग्रंथापेक्षा सोपे जाते. अनेक उद्दिष्टांचा प्रश्न असेल, तर कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा एनएसजीए-२ या अनेक उद्दिष्टांसाठीच्या जेनेटिक अल्गोरिदमवरील २००२ चा शोधनिबंध वाचावा. तो आयआयटी कानपूरमधील कामातून आला आहे.

प्रोजेक्ट अहवालात एकाच रनचा सुंदर आलेख देऊ नये. वेगवेगळ्या रँडम सीडवर (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात त्या आरंभसंख्येवर) प्रोग्रॅम किमान ३० वेळा चालवावा, मध्यक आणि विचलन द्यावे, आणि तितक्याच मूल्यमापनांत यादृच्छिक शोधाने काय साधले, तेही त्याच तक्त्यात मांडावे.